शून्य नोंदींचा निकाल वाचायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जमिनीखाली दीड किलोमीटरवर टनावारी द्रव झेनॉन ठेवून कृष्णद्रव्याचे (डार्क मॅटरचे) कण शोधतात, काही वर्षांनी निकाल येतो आणि दर वेळी तो ‘काही सापडलं नाही’ असाच असतो. मग हे कण नाहीतच असं सरळ का म्हणू नये? आणि भौतिकशास्त्र शिकणाऱ्याने अशा विषयात पीएचडीची वर्षं घालावीत का?

मी द्रव झेनॉनच्या डिटेक्टरवर काम करते. त्यातही माझा बहुतेक वेळ बॅकग्राउंडवर जातो, म्हणजे कृष्णद्रव्यासारख्या दिसणाऱ्या पण कृष्णद्रव्य नसलेल्या नोंदी कुठून येतात, किती येतात, हे ठरवण्यात. त्यामुळे उत्तरही त्याच बाजूने देते.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण प्रश्नात त्या एकत्र आल्या आहेत. कृष्णद्रव्य आहे हे आपण गुरुत्वाकर्षणावरून म्हणतो: दीर्घिकांच्या फिरण्याचा वेग, दीर्घिकासमूहांमुळे वाकणारा प्रकाश, विश्वाच्या सुरुवातीच्या काळातलं सूक्ष्मलहरी प्रारण. विश्वातल्या एकूण द्रव्याचा साधारण 85 टक्के भाग असा आहे, हा निष्कर्ष या वेगवेगळ्या वाटांनी येतो आणि त्या वाटा एकमेकींशी जुळतात. आमचे प्रयोग त्यापुढचं एक गृहीतक तपासतात: हे द्रव्य कणांचं आहे, आणि गुरुत्वाकर्षणाशिवाय आणखी एखाद्या बळाने ते साध्या अणुकेंद्रकाला अधूनमधून धडकतं. आम्हाला काही दिसलं नाही तर धक्का या दुसऱ्या विधानाच्या एखाद्या तुकड्याला बसतो, पहिल्याला नाही. हे गृहीतक सर्वस्वी चुकीचं असणंही शक्य आहे. निसर्गाने कृष्णद्रव्याला गुरुत्वाकर्षणापलीकडे काहीच दिलं नसेल तर कितीही झेनॉन जमवलं तरी उपयोग नाही, हे मान्य करूनच पुढे जाते.

आता हिशोब. 1985 मध्ये मार्क गुडमन आणि एडवर्ड विटन यांनी हा शोध प्रयोगशाळेत शक्य आहे असं दाखवलं, तेव्हाचा युक्तिवाद आजही तसाच वापरतात. सूर्याच्या आसपास कृष्णद्रव्याची घनता दर घन सेंटिमीटरला साधारण 0.3 जीईव्ही धरतात (जीईव्ही म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट; कणांचं वस्तुमानही आम्ही याच ऊर्जेच्या एककात मोजतो). कणाचं वस्तुमान 100 जीईव्ही मानलं, म्हणजे प्रोटॉनच्या शंभरपटीहून थोडं जास्त, तर एका लिटर जागेत कोणत्याही क्षणी असे तीन कण असतील. आपण आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला सुमारे 220 किलोमीटर वेगाने फिरतो, तेव्हा दर चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदाला साधारण 66 हजार कण आरपार जात असतील. कण कमी आहेत ही अडचण नाहीच. अडचण आहे ती त्यांच्या धडकण्याची, आणि धडकल्यावर मिळणाऱ्या क्षीण संकेताची. 220 किलोमीटर वेगाचा असा कण झेनॉनच्या केंद्रकावर अगदी समोरून आदळला तरी केंद्रकाला मिळणारी ऊर्जा जेमतेम 27 केईव्ही, म्हणजे 27 हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट. एक्स-रे यंत्रातून निघणाऱ्या एका फोटॉनच्या तोडीची. एवढी ऊर्जा काही टन द्रवात कुठेतरी, वर्षातून कधीतरी पडणार, आणि ती आम्ही ओळखायची.

मग शून्य नोंदी मिळाल्या तर काय कळतं? समजा बॅकग्राउंड अजिबात नाही आणि वर्षभरात एकही टक्कर दिसली नाही. म्हणून टकरांची खरी सरासरी शून्यच असं म्हणता येत नाही. सरासरी वर्षाला एक असेल तरी एखादं वर्ष कोरडं जाण्याची शक्यता 37 टक्के असते. पण सरासरी 2.3 असेल तर शून्य दिसण्याची शक्यता 10 टक्क्यांवर येते. म्हणून 90 टक्के खात्रीने आम्ही लिहितो की टकरांची सरासरी 2.3 पेक्षा कमी आहे. ‘काही सापडलं नाही’ या वाक्यामागे हा आकडा असतो. तो आकडा झेनॉनच्या केंद्रकांची संख्या, निरीक्षणाचा काळ, येणाऱ्या कणांचा ओघ आणि आमची नोंद पकडण्याची क्षमता या सगळ्यांनी भागला की उरतं ते क्रॉस-सेक्शन, म्हणजे टक्कर होण्याची शक्यता क्षेत्रफळाच्या भाषेत. प्रत्यक्ष प्रयोगात बॅकग्राउंडच्या नोंदी असतातच, त्यामुळे गणित जास्त गुंतागुंतीचं होतं, पण गाभा हाच.

अमेरिकेत साउथ डकोटा राज्यातल्या लीड गावी होमस्टेक या जुन्या सोन्याच्या खाणीत एलझेड हा द्रव झेनॉनचाच प्रयोग चालतो. 2024 मध्ये त्याने 280 दिवसांच्या निरीक्षणांचा निकाल जाहीर केला. 40 जीईव्हीच्या आसपासच्या कणांसाठी प्रत्येक न्यूक्लिऑनमागे (केंद्रकातल्या एका प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे) क्रॉस-सेक्शनची वरची मर्यादा साधारण 2×10⁻⁴⁸ चौरस सेंटिमीटर निघाली. प्रोटॉनच्या आकाराचं क्षेत्रफळ 10⁻²⁶ चौरस सेंटिमीटरच्या घरात असतं, म्हणजे त्याच्याही बावीस घरं खाली. याच खाणीत 1987 मध्ये एका जर्मेनियम डिटेक्टरने पहिल्या काही मर्यादांपैकी एक घातली होती. त्याआधी कितीतरी वर्षं रेमंड डेव्हिस यांनी इथेच सूर्याचे न्यूट्रिनो, म्हणजे जवळजवळ कशालाच न धडकणारे अतिशय हलके कण, मोजले.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण बातमीत एकच आकडा येतो आणि तो सगळीकडे लागू आहे असं वाटतं. मर्यादा कणाच्या वस्तुमानानुसार बदलते, आणि तो आकडा त्या वक्रातल्या सर्वांत खोल बिंदूचा असतो. कण जड असेल तर तेवढ्याच घनतेत त्यांची संख्या कमी होते, म्हणून मर्यादा हळूहळू ढिली पडते. कण हलका असेल तर परिस्थिती फार लवकर बिघडते. 1 जीईव्हीचा कण त्याच वेगाने झेनॉनवर आदळला तर केंद्रकाला मिळतील फक्त 9 ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट). ते आम्हाला दिसूच शकत नाही. अशा कणांबद्दल झेनॉनचा नेहमीचा निकाल जवळजवळ गप्प असतो. त्यांच्यासाठी वेगळी उपकरणं लागतात: क्रेस्टसारखे निरपेक्ष शून्याच्या काही सहस्रांश अंशांवर ठेवलेले स्फटिक, किंवा सेन्सेई आणि डॅमिकसारख्या प्रयोगांतले एकेक इलेक्ट्रॉन मोजणारे सिलिकॉन सीसीडी, म्हणजे कॅमेऱ्यात असतात तशा चिप. शिवाय टक्कर केंद्रकाच्या स्पिनवर (त्याच्या अंगभूत कोनीय संवेगावर) अवलंबून असेल तर झेनॉनचा एक मोठा फायदा जातो. स्पिनचा संबंध नसताना सगळे न्यूक्लिऑन एकत्र प्रतिसाद देतात आणि शक्यता अणुभाराच्या वर्गाच्या पटीत वाढते. 131 अणुभाराच्या झेनॉनला यातून फार मिळतं. स्पिन आला की हे बळ उरत नाही.

हे सगळं कागदावरचं. माझ्या मते निकालाची खरी किंमत ठरते ती एकेका नोंदीच्या पातळीवर, म्हणून तिथे थोडं थांबते.

डिटेक्टर म्हणजे उणे 100 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या द्रव झेनॉनचं उभं पिंप, वर झेनॉनच्या वायूचा पातळ थर, आणि वर-खाली फोटोमल्टिप्लायरच्या, म्हणजे एकेक फोटॉन टिपणाऱ्या नळ्यांच्या, रांगा. टक्कर झाली की आधी अतिनील प्रकाशाची एक बारीकशी चमक येते. आम्ही तिला एस-वन म्हणतो. आम्हाला हव्या असलेल्या ऊर्जेला तिच्यात मोजून काही फोटॉन सापडतात, कधी तीन, कधी पाच, तेही वेगवेगळ्या नळ्यांमध्ये. टकरीत सुटलेले इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्रामुळे वर सरकत जातात, वायूत ओढले जातात आणि तिथे दुसरी, कितीतरी मोठी चमक पाडतात. ती एस-टू. दोन चमकांमधला वेळ सांगतो टक्कर किती खोल झाली. एलझेडमध्ये तो जास्तीत जास्त एक मिलिसेकंदाच्या आसपास असतो. वरच्या कोणत्या नळ्या उजळल्या त्यावरून आडवी जागा कळते. आणि एस-टू व एस-वन यांच्या गुणोत्तरावरून धक्का कुणाला बसला ते कळतं: किरणोत्सारातून येणारे गॅमा किंवा बीटा इलेक्ट्रॉनला ढकलतात, तिथे गुणोत्तर मोठं येतं, न्यूट्रॉन किंवा कृष्णद्रव्य केंद्रकाला ढकलतं, तिथे लहान.

पडद्यावर अशी एक नोंद उघडली की मी सगळ्यात आधी पाहते तो एस-वनच्या आधीचा काळ. त्याआधी काही मिलिसेकंदांत मोठी टक्कर होऊन गेली असेल तर तिचे उरलेसुरले इलेक्ट्रॉन आणि फोटॉन बराच वेळ ठिबकत राहतात. त्यातला एक भटका फोटॉनगट आणि एक भटकी लहान एस-टू योगायोगाने योग्य अंतराने आली की हुबेहूब हलक्या कणाच्या टकरीसारखी नोंद तयार होते. तिथे टक्कर झालेलीच नसते. मग एस-टूची रुंदी बघायची. खोलवरून आलेला इलेक्ट्रॉनांचा पुंजका वाटेत पसरतो, त्यामुळे खोल टकरीची एस-टू रुंद असायला हवी. वेळ म्हणतो खोल आणि आकार म्हणतो उथळ, असं असेल तर ती नोंद बहुधा योगायोगाची. मग भिंत. कडेच्या टेफ्लॉनवर रेडॉन या किरणोत्सारी वायूच्या ऱ्हासातून आलेलं शिसं आणि पोलोनियम चिकटलेलं असतं. तिथल्या टकरीतले काही इलेक्ट्रॉन भिंतीतच अडकतात, एस-टू लहान होते, गुणोत्तर घसरतं आणि साधी बीटाची नोंद केंद्रकाच्या टकरीचं सोंग घेते. म्हणून कडेचा झेनॉन आम्ही मोजणीतून सोडून देतो. तो आतल्या भागाचं कवच म्हणून कामाला येतो.

खोल खाणीत जाण्याचं कारण वैश्विक किरण. इटलीतल्या ग्रान सास्सो प्रयोगशाळेवर 1400 मीटर खडक आहे आणि तिथे म्युऑनांचा, म्हणजे या किरणांतून तयार होणाऱ्या भेदक कणांचा, ओघ पृष्ठभागाच्या तुलनेत दहा लाख पटींनी कमी होतो. पण खडक रेडॉन थांबवत नाही, कारण रेडॉन उपकरणातूनच झिरपतो. स्टीलमध्ये, केबलमध्ये, वेल्डिंगमध्ये युरेनियमचा अंश असतो, त्यातून रेडॉन-222 निघतो, द्रवात मिसळतो, आणि त्याच्या ऱ्हासातलं शिसं-214 अगदी मधोमध बीटा सोडतं. क्रिप्टॉन-85 हा किरणोत्सारी वायू हवेतून येतो, तो ऊर्ध्वपातनाने किंवा कोळशाच्या स्तंभातून काढावा लागतो. प्रत्येक स्क्रू बसवण्याआधी तपासला जातो, त्यामागे हे कारण आहे.

ही काळजी किती खोलवर जावी लागते याचं उदाहरण म्हणून 2020 चा झेनॉन-वन-टी प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांना 1 ते 7 केईव्हीच्या पट्ट्यात 232 नोंदी अपेक्षित होत्या, अधिक-उणे 15. दिसल्या 285. सूर्यातून येणारे ॲक्सिऑन (अजून न सापडलेले, अत्यंत हलके काल्पनिक कण), न्यूट्रिनोचे वेगळे गुणधर्म, अशा स्पष्टीकरणांवर भराभर लेख आले. प्रयोगकर्त्यांनी स्वतःच्याच लेखात आणखी एक शक्यता लिहून ठेवली होती: ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचं किरणोत्सारी रूप. त्यासाठी किती ट्रिटियम पुरेल? एका किलो झेनॉनमागे तीनपेक्षाही कमी अणू. इतकं सूक्ष्म प्रमाण आहे की नाही हे थेट तपासण्याचं साधन कुणाकडेच नव्हतं. उत्तर मिळालं ते पुढच्या, मोठ्या उपकरणातून. 2022 मध्ये झेनॉन-एन-टीने बॅकग्राउंड साधारण पाचव्या हिश्शावर आणून तोच पट्टा पाहिला आणि जादा नोंदी नव्हत्या. मला यात मोलाचं वाटतं ते हे की 2020 च्या लेखात शोध लागल्याचा दावा नव्हता. दिसलं ते आकड्यांसह मांडलं, नीरस स्पष्टीकरणही शेजारी ठेवलं, आणि पडताळणी कशी करायची ते ठरवलं.

याच्या उलट बाजूला डामा-लिब्रा आहे, कारण ‘काहीच सापडलं नाही’ हे पूर्ण खरं नाही असं कुणीतरी नक्की सांगेल. ग्रान सास्सोमध्येच सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांत या गटाने दोन दशकांहून जास्त काळ नोंदींचा दर वर्षभरात वर-खाली होताना पाहिला. त्याचं शिखर जूनच्या सुरुवातीला येतं. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला 30 किलोमीटर वेगाने फिरते, त्यातला निम्मा वेग जूनमध्ये सूर्याच्या गतीत मिळवला जातो आणि डिसेंबरमध्ये वजा होतो, त्यामुळे कृष्णद्रव्याचा वारा, म्हणजे आपल्यावर येणारा त्याच्या कणांचा ओघ, असा बदलायलाच हवा. संख्याशास्त्रीयदृष्ट्या हा चढउतार पक्का आहे. पण झेनॉनचे प्रयोग म्हणतात की सर्वसाधारण कणांसाठी हे शक्य नाही. त्यावर पदार्थच वेगळा आहे असा आक्षेप घेता येत होता, म्हणून स्पेनमध्ये अनाइस आणि दक्षिण कोरियात कोसाइन या प्रयोगांनी तेच सोडियम आयोडाइड वापरून पाहिलं. दोघांनाही तो चढउतार दिसला नाही, आणि अनाइसच्या सहा वर्षांच्या नोंदी डामाशी साधारण 4 सिग्माने विसंगत आहेत (सिग्मा हे संख्याशास्त्रीय खात्रीचं माप; आकडा मोठा तितका योगायोग असण्याची शक्यता कमी). डामाला नक्की काय दिसतं हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. ते कृष्णद्रव्य असेल असं मला वाटत नाही. ऋतूंनुसार प्रयोगशाळेत बऱ्याच गोष्टी बदलतात, आणि वार्षिक लय हा माझ्या दृष्टीने कायम संशयाने पाहण्याचा संकेत आहे.

मग इतक्या शून्यांतून काय मिळालं? झेड बोसॉनमधून (क्षीण बळ वाहून नेणाऱ्या कणामधून) थेट, पूर्ण ताकदीने धडकणारा जड कण, जो 1985 च्या सुमारास सगळ्यात स्वाभाविक उमेदवार होता, तो केव्हाच बाद झाला. त्याचं क्रॉस-सेक्शन 10⁻³⁹ चौरस सेंटिमीटरच्या आसपास असायला हवं होतं. हिग्ज बोसॉनमार्फत धडकणाऱ्या कणांची बरीच साधी मॉडेल्सही आता मर्यादेच्या चुकीच्या बाजूला आहेत. तरीही नीटनेटके काही उमेदवार शिल्लक आहेत. साधारण 1 टीईव्हीचा (हजार जीईव्हीचा) शुद्ध हिग्सिनो, म्हणजे सुपरसिमेट्रीच्या सिद्धांतातला हिग्जचा जोडीदार कण, आजच्या पोहोचीच्या खाली बसतो. सूक्ष्म वस्तुमानाचे ॲक्सिऑन तर या पद्धतीच्या कक्षेतच नाहीत. ते एडीएमएक्ससारखे प्रयोग चुंबकीय क्षेत्रातल्या सूक्ष्मलहरी पोकळ्यांमध्ये शोधतात.

‘कुठवर शोधायचं’ याचंही बऱ्यापैकी ठोस उत्तर आहे. न्यूट्रिनोही संपूर्ण केंद्रकाला ढकलू शकतात, आणि त्यांना अडवणारं कवच नाही. सूर्यातल्या बोरॉन-8 मधून येणारे न्यूट्रिनो झेनॉनमध्ये अगदी 6 जीईव्हीच्या कृष्णद्रव्यासारखे दिसतात. 2024 मध्ये झेनॉन-एन-टी आणि चीनमधल्या पांडाएक्स-4टी या दोन्ही प्रयोगांना त्यांची पहिली चाहूल लागली, दोघांची खात्री 3 सिग्माच्या थोडी आत. न्यूट्रिनोंच्या या नोंदींना आम्ही धुकं म्हणतो, कारण त्यांत कृष्णद्रव्याचा संकेत हरवतो; कमी वस्तुमानाकडे आपण या धुक्याच्या काठाशी पोहोचलो आहोत. जास्त वस्तुमानाकडे वातावरणातल्या न्यूट्रिनोंचं धुकं अजून दूर आहे, आणि एलझेड, झेनॉन, डार्विन या गटांनी मिळून आखलेला साठेक टन झेनॉनचा एक्सएलझेडडी प्रयोग तिथवरचं अंतर कापण्यासाठीच आहे. धुक्यात शिरल्यावर शोध अशक्य होत नाही, पण नोंदी दुप्पट करून संवेदनशीलता दुप्पट होण्याचे दिवस संपतात. तिथवरचा भाग न तपासता सोडून देणं मला पटत नाही. त्यापलीकडे याच पद्धतीने जात राहावं का, यावर या क्षेत्रातही एकमत नाही.

पीएचडीचं उत्तर तुमच्यावर अवलंबून आहे. ‘शोध लागला’ असं शीर्षक असलेल्या प्रबंधावरच समाधान अवलंबून असेल तर दुसरा विषय घ्या, हे मी मनापासून सांगते. पण क्षीण संकेत मोजणं, बॅकग्राउंडचं मॉडेल उभं करणं, स्वतःच्या निकालावर आधी स्वतःच हल्ला चढवणं यात रस असेल तर इथे शिकण्यासारखं खूप आहे, आणि शून्य निकालाच्या वाटेवर खरं भौतिकशास्त्रही हाती लागतं. झेनॉन-124 चा दुहेरी इलेक्ट्रॉन-ग्रहणाचा ऱ्हास (केंद्रक एकाच वेळी दोन इलेक्ट्रॉन गिळतं तो) 2019 मध्ये याच डिटेक्टरांपैकी एकाने मोजला. त्याचं अर्धायुष्य निघालं 1.8×10²² वर्षं.

प्रवेश घेण्याआधी मार्गदर्शकांना एक प्रश्न जरूर विचारा: माझ्या वर्षांत प्रयोग कोणत्या टप्प्यात असेल? मोठा डिटेक्टर आखण्यापासून पहिल्या नोंदीपर्यंत दहा वर्षं सहज जातात. बांधणीच्या काळात गेलात तर हात उपकरणावर बसेल, पण विश्लेषणासाठी डेटा मिळेलच असं नाही. मोजणी चालू असताना गेलात तर डेटा हातात येईल, पण तो गोळा करणारं यंत्र आतून कधी दिसणार नाही. शक्य असेल तर एखाद्या लहान चाचणी-डिटेक्टरवर काही महिने आणि मोठ्या प्रयोगाच्या विश्लेषणावर उरलेला काळ अशी आखणी करून घ्या. बहुतेक गट त्याला तयार असतात, पण आधी विचारावं लागतं.